एमिलची पिशवी तीन यार्डांवर पडली तेव्हा

माझा नवरा एमिल वोंद्रा आमच्या ऑर्लिक गावात आणि शेजारच्या डेलबीत घरोघरी गॅस पोचवतो, आणि आमच्या अमेरिकन, हातात चेंडू घेऊन खेळायच्या फुटबॉलच्या मोसमात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून बाजूच्या रेषेवर पंच म्हणून उभा राहतो. दोन्ही गावांचं हाडवैर. तरी एमिलला दोन्हीकडे बसवून कॉफी देतात. ही काही साधीसुधी गोष्ट नाही, सांगून ठेवते.

पंचाच्या कमरेला दोन वस्तू असतात, पिवळं फडकं आणि एक छोटी पिशवी. फडकं पडलं की कुणीतरी चुकलं. पिशवी कुणालाच दोष देत नाही. चेंडू हातातून निसटला, नाहीतर समोरच्या संघानं मधेच झेलला, की त्या जागी ती टाकायची. हे इथं घडलं, एवढंच ती सांगते. एमिलची पिशवी मी शिवलेली, त्याच्या फाटक्या जीन्सची, आत वाळका घेवडा. नव्या पंचांना तो एकच गोष्ट पढवतो, "पिशवी लागेल की नाही याचा विचार करत बसू नका. घडलं की टाका. विचार करायला लागलात की मनात कुणाची तरी बाजू शिरते."

हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. "जीन्स धुतली मी, घेवडा माझा, आणि प्रवचन तुझं!" असं मी म्हणायची.

मागच्या नोव्हेंबरात बाद फेरीत आम्ही आणि डेलबी समोरासमोर आलो, आणि नेमका रेषेवरचा पंच तापानं आडवा झाला. बदलीला एमिलच मोकळा होता, पण गावचा माणूस गावच्या सामन्याला पंच नसावा, असा रिवाज. म्हणून डेलबीच्या कोचला विचारलं. तो एरवी महाखडूस, पण म्हणाला, "एमिल असेल तर चालेल." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एमिल मात्र बूट बांधताना एवढंच बोलला, "आज चुकलो ना लॅव्हॉन, तर दोन्ही गावांतून उठलो."

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणानं मागे, पण त्यांच्या गोलरेषेच्या तोंडाशी. मी चिलीचा झणझणीत रस्सा आणि दालचिनी रोल विकायचा ठेला सोडून वाढायचा डाव हातात घेऊन कठड्याशी उभी. आमच्या पोरानं चेंडू फेकला आणि डेलबीच्या एका लांबटांग्यानं तो गोलरेषेपासून तीन यार्डांवर उडी मारून झेलला. त्या झोकात तो मागच्या मागे गोलरेषेपार गेला, आणि तिथं आमच्या दोघांनी त्याला लोळवला. आपल्याच गोलरेषेमागे लोळलं की समोरच्यांना दोन गुण. जिंकलो की! अख्खं ऑर्लिक नाचायला लागलं, मीही बेंबीच्या देठापासून ओरडले. माझा डाव कुठं उडाला देव जाणे.

आणि मला पिशवी दिसली. तीन यार्डांवर, हिरव्या गवतावर निळी.

नियम असा की चेंडू रेषेजवळ झेलून खेळाडू केवळ झोकानं रेषेमागे गेला असेल, तर गुण नाहीत. चेंडू त्यांचाच, झेलला तिथून.

"हरलो आपण," मी म्हणाले.

"डोकं फिरलंय का तुझं?" मागून आमचा न्हावी रूडी ओरडला.

"ती पिशवी बघ. माझ्या हातची आहे."

मुख्य पंचानं पिशवीकडे बघितलं आणि गुण नाहीत म्हणून हात हलवले. मग काय, शिव्यांची बरसात! "घरभेद्या!" रूडी किंचाळला. "जा, डेलबीतच राहायला जा!"

मी गर्रकन वळले. "ए रूडी! पिशवी पडली तेव्हा ते पोरगं रेषेच्या अलीकडे होतं. पुढं कोण जिंकणार हे तुला तरी ठाऊक होतं का? एमिललाही नव्हतं! आणि परत त्याला घरभेद्या म्हणालास ना, तर तुझ्याच कात्रीनं तुझ्या मिशा कापीन."

डेलबीनं उरलेला वेळ काढला आणि आम्ही हरलो.

ठेल्यावर कुणी फिरकेना. एवढ्यात आमचा कोच आला. डोळे लाल, तोंड पाडलेलं. त्यानं निळी पिशवी फळीवर ठेवली. सगळे बघत होते.

"एमिलची मैदानातच राहिली," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. "पुढच्या वर्षी डेलबीत खेळायचंय. तिथं पंच कमी पडला तर मला एमिलच हवा. सांग त्याला."

आणि तो गेला. रूडी घसा खाकरत ठेल्यापुढं येऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं एमिल आला. मी कॉफी ओतली.

"केवढ्यानं ओरडलीस," तो म्हणाला. "तुझा आवाज रेषेपर्यंत आला."

"मला वाटलं आपण जिंकलो."

एमिल पिशवीवरची माती झटकत राहिला. "मलाही जिंकायचं होतं गं," तो हळूच म्हणाला. "फार."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी त्याच्यापुढं सगळ्यात मोठा रोल ठेवला आणि रूडीला म्हटलं, "थांब जरा. आधी त्याला खाऊ दे."