कच्चं राहिलेलं रानडुक्कर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

आमचं गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे, डोंगराला लागून. भात पोटरीत आलं की रानडुकरं उतरतात, शेतंच्या शेतं लोळवून टाकतात. त्या वर्षी मी बांधावर फासा लावला. गुन्हा आहे, माहीत होतं. दापोड्याच्या गोदामात कामाला होतो, पर्मनंट करायचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. तरी लावला. एक डुक्कर सापडलं.

भावोजी — माझ्या थोरल्या ताईचे यजमान — भिवंडीत लूमवर होते. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आले होते. ताईला डुक्कर चालत नाही, तेव्हा तिला न सांगता आम्ही दोघांनीच ते ओढ्याकाठी भाजलं. धूर दिसला तर जंगल खात्याचा गार्ड येईल, म्हणून मी जाळ मोठा होऊच दिला नाही. कडेचे करपलेले तुकडे मी खाल्ले. आतले मऊ, तांबूस तुकडे भावोजींना वाढले. घरचे जावई ना!

"कच्चं लागतंय रे दिनेश," ते म्हणाले.

"खावा वो. रानातलं असंच लागतं." — हे मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी भावोजींना ताप आला. पापण्या सुजून डोळे उघडेनात. दंड, पोटऱ्या इतक्या ठणकायच्या, की चादर लागली तरी कण्हायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्या पापण्या निरखून पाहिल्या आणि सरळ विचारलं, "डुकराचं मांस खाल्लंय का? शिकारीचं वगैरे?"

भावोजी सुजलेल्या फटींतून माझ्याकडे बघत राहिले. माझी नोकरी त्यांना ठाऊक होती, फासाही ठाऊक होता. उत्तर माझ्यावर सोडलं होतं त्यांनी. एवढंसं 'हो' म्हणायला काय लागतं?

"न्हाय मॅडम," मी म्हणालो. "घरचंच जेवण."

भावोजींनी डोळे मिटले.

मग दहा दिवस टायफॉइडची औषधं चालली. छाती धडधडायला लागली, तेव्हा ठाण्याला हलवलं. तिथे पोटरीचा बारीक तुकडा काढून तपासला — मांसात वेटोळं करून बसलेल्या अळ्या. डॉक्टरांनी समजावलं, रानडुकराच्या अंगात त्या असतात, त्याला काही होत नाही. मांस नीट शिजलं की मरतात, कच्चं राहिलं की माणसाच्या अंगात पसरतात. यांच्या हृदयालाही सूज आलीय. "आधी कळलं असतं तर इतकं वाढलं नसतं," ते म्हणाले.

तेव्हा तरी बोललो का? नाही.

ताईनं ठरवलं — खानावळीतच काहीतरी खाऊ घातलं. भावोजी ड्युटीवर असले की शेवंताबाईंच्या खानावळीत जेवायचे. ताई तिथे गेली आणि भर गिऱ्हाइकांत त्या म्हातारीला नाही नाही ते बोलली. मी शेजारीच उभा होतो. "पोरी, माझ्या चुलीवर डुक्कर कधी चढलं न्हाय गो," शेवंताबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. माझ्याकडेही बघून सांगितलं. मी चपलांकडे बघत राहिलो. दोन महिन्यांत खानावळ बंद पडली. त्या कुठे गेल्या, मी कधी चौकशी केली नाही.

भावोजी वाचले. पण लूम सुटला तो सुटलाच; एक जिना चढताना दोनदा खाली बसतात. ताई वळ गावच्या गोदामात पॅकिंगला जाते, दिवसभर उभी. मी पर्मनंट झालो. आणि भावोजींनी — इतक्या वर्षांत — मला एका शब्दानं विचारलेलं नाही.

यंदा भाऊबीजेला ताईनं ओवाळलं. तिचे डोळे भरून आले. "दिनेश, तू धावपळ केलीस म्हणून माझं कुंकू राहिलं रे."

भावोजी खाली मान घालून जेवत होते. मी ताईच्या पाया पडलो, पाटावर बसलो, आणि तिनं वाढलेलं सगळं खाल्लं.