बावीस खुर्च्या पटलावर

कल्पिताला साडी दाखवायला सांगावं आणि आपण गंमत बघावी. गिऱ्हाईक जिना चढून वर येईपर्यंत हिनं ओळखलेलं असतं, की ही बाई स्वतःसाठी आलीय की नणंदेच्या मानपानासाठी. मानपानाची असेल तर तिसऱ्या साडीला काम उरकतं. स्वतःसाठी असेल तर साठ काढाव्या लागतात, आणि कल्पिता साठही काढते, कपाळाला आठी न घालता. कल्याणच्या त्या चार मजली दुकानात तिला एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली चार बसून आणि पुढची पंधरा उभ्यानं, रोज दहा तास.

ती लागली तेव्हा दुकान एकमजली होतं आणि विठ्ठलशेठ हयात होते. पांढरी स्वच्छ गादी अंथरलेली असायची. गिऱ्हाईक गादीवर, विकणारी गादीवर आणि खुद्द शेठही तक्क्याला टेकून गादीवर. मांडी घालून साड्या दाखवायच्या, मांडीवरच घड्या घालायच्या. मग विठ्ठलशेठ गेले आणि त्यांचे चिरंजीव मधुशेठ यांनी जुनं दुकान पाडून काचेचं केलं. गाद्या गेल्या, काउंटर आले. गिऱ्हाइकाला गुबगुबीत खुर्ची आणि विकणाऱ्या बावीस बायकांना काउंटरमागची दीड हात जागा. स्टूल एकही नाही. "बाई बसलेली दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, धंदा बसला," हे मधुशेठचं तत्त्वज्ञान. बापानं जन्मभर बसून धंदा केला आणि त्याच धंद्यावर हे चार मजले चढले, एवढं साधं या शहाण्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

कल्पिताचे पाय आधी संध्याकाळी सुजायचे, मग दुपारी, मग सकाळीच. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या. ती राहते दिवा गावात, तिथले डॉक्टर म्हणाले, "उभं राहायचं काम बंद करा. नाहीतर जखम होईल आणि ती भरायची नाही." बंद करा म्हणायला काय जातं! नवरा सुदेश कंपनी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करत होता. मुलगी ठाण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर कल्पिताच्या पायांवर उभं होतं, आणि हे मी काही अलंकार म्हणून सांगत नाही.

तिनं शेठकडं एक स्टूल मागितलं. एकच, आणि तेही गिऱ्हाईक नसताना टेकायला.

"तुला दिलं की बाकीच्या एकवीस जणींना द्यावं लागेल," मधुशेठ म्हणाले. "पाय दुखत असतील तर घरी बस की आरामात."

त्या वाक्याचा अर्थ बावीसच्या बावीस जणींना कळला. कल्पिता मागच्या गोदामात जाऊन रडली. डोळे पुसेपर्यंत मात्र रडं संपून राग आला होता, आणि ती मूळची राजापूरची; तिकडच्या माणसाचा राग लवकर उतरत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी ती ठाण्याला खासदार विमलाबाईंच्या कार्यालयात गेली. विमलाबाई विरोधी पक्षाच्या. मूळच्या अंगणवाडीसेविका, मोर्चे काढता काढता लोकसभेत पोचलेल्या. विरोधी बाकावरच्या खासदाराच्या हातात असतं काय, असं लोक त्यांना तोंडावर विचारत. "प्रश्न असतात," त्या म्हणत. हे प्रश्न कागदावर उतरवायचं काम सिल्वेस्टरकाकांचं. माजिवड्याचे, कामगार युनियनच्या कचेरीत तीस वर्षं टाइपिंग केलेले, आणि सरकारी भाषा कोळून प्यालेले.

"कुठून आलात?"

"दिव्याहून."

"पाण्याची तक्रार त्या डावीकडच्या टेबलावर," काका मान वर न करता म्हणाले.

"पाण्याची नाही. मला स्टूल पाहिजे."

"बाकडं आहे की तिथं. बसा ना."

"इथं नाही हो काका! दुकानात!"

आतल्या खोलीतून हे ऐकून विमलाबाई बाहेर आल्या. "दाखव बघू पाय," म्हणाल्या. भरल्या कार्यालयात कल्पितानं साडी टाचेवरून वीतभर उचलली. बाईंनी वाकून नीट पाहिलं.

"किती जणी आहात?"

"बावीस. पण त्या आमच्याच दुकानात. कल्याण-डोंबिवलीतल्या सगळ्या मोजायला गेलात तर दमून जाल."

"मी कशाला मोजू?" बाई म्हणाल्या. "सरकारला मोजायला लावू. काका, घ्या लिहून."

काकांनी लिहिलं: (क) दुकानांमध्ये उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी आसनव्यवस्था आहे किंवा काय, (ख) असल्यास, तिचा जिल्हावार तपशील काय, (ग) नसल्यास, त्याची कारणे काय?

कल्पितानं ते दोनदा वाचलं. तिचा चेहरा पडला. "यात माझे पाय कुठायत?"

"पाय घातले तर प्रश्न परत येईल, बाय. तिथं रडायचं नसतं, ओरडायचं नसतं. नुसतं विचारायचं. आणि हा अतारांकित आहे. म्हणजे मंत्र्यांना उठून बोलावं लागत नाही, उत्तर छापून येतं."

"बघा," कल्पिता म्हणाली, "त्यांना पण उभं राहायचा कंटाळा."

अधिवेशन आलं, उत्तर आलं. पूर्ण एक ओळ. 'राज्यांकडून माहिती मागविण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' कल्पितानं मोबाइलवर ते शेजारच्या काउंटरच्या पायलला दाखवलं. पायल चोवीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. "झालं! तुझं स्टूल फाइलीत गेलं, ताई. आता ते निवृत्त होऊनच बाहेर येणार," ती म्हणाली. कल्पिताला वाटलं, पोरगी बरोबर बोलतेय. पाय त्या दिवशी जास्तच ठणकत होते.

तेवढ्यात काकांचा फोन. म्हातारा हर्षानं नुसता उकळत होता. "सापडले! अगं, सापडले की! ठेवण्यात येईल म्हणालेत!"

"त्यात काय एवढं?"

"ते आश्वासन झालं! अशी आश्वासनं सरकार विसरतं, म्हणून ती आठवण करून द्यायला लोकसभेची एक समितीच बसवलेली असते. आता मोजल्याशिवाय सुटका नाही."

"आणि हे पटल म्हणजे काय?"

"टेबल. पण त्या टेबलावर ठेवलेलं खोटं निघालं, तर ज्यानं लिहून दिलं त्याची धडगत नसते."

हे शेवटचं वाक्य कल्पितानं नीट ध्यानात ठेवलं.

सरकारी कागद हळू चालतो, पण वरून ढकललेला कागद घरंगळत येतो. दिल्लीचा मुंबईला, मुंबईचा ठाण्याला. मोठ्या दुकानांची यादी निघाली. मधुशेठना तपासणीच्या आदल्या दिवशी कुणकुण लागली, आणि त्यांनी फार हुशारी केली. शहाडच्या मंडपवाल्याला फोन लावला. सकाळी साडेनऊला बावीस लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या दुकानात हजर. पाठीवर मंडपवाल्याचं नाव होतं, त्यावर शेठनी स्वतःच्या हातानं दुकानाचे स्टिकर चिकटवले.

अकराला तपासणी करणारे साहेब आले. बावीस जणी खुर्च्यांवर बसलेल्या, कुणाचा फोटो काढायचा असावा तशा ताठ.

"आसनव्यवस्था आहे म्हणायची?"

"वडिलांच्या काळापासून, साहेब! आमच्याकडं बायकांना उभं ठेवायची पद्धतच नाही."

पायलला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात ढकललं. साहेब काही दूधखुळे नव्हते. त्यांनी एका पाठीवरचं स्टिकर अंगठ्यानं चाचपलं आणि कल्पिताकडं वळले. "बाई, या खुर्च्या रोज असतात?"

नाही म्हणावं, तर उद्यापासून नोकरी नाही. हो म्हणावं, तर ज्यासाठी विमलाबाईंचं कार्यालय गाठलं त्यावर आपल्याच तोंडानं पाणी. मधुशेठ एकटक बघत होते. कल्पिताला काकांचं टेबल आठवलं.

"साहेब, मी पगारावरची बाई. माझ्या बोलण्याला काय किंमत?" ती म्हणाली. "शेठ म्हणतात ना कायमच्या आहेत, मग तसं लिहून घ्या. आणि शेठची सही घ्या. शेठ शब्दाचे पक्के आहेत."

मधुशेठचा जीव भांड्यात पडला. इतकी इमानी बाई! त्यांनी आनंदानं पेन उघडलं. 'कामगार २२, आसने २२, स्वरूप: कायमस्वरूपी.' खाली सही, सहीवर शिक्का. साहेबांनी कागद घडी करून ठेवताना कल्पिताकडं बघितलं, आणि मला विचाराल तर ते गालातल्या गालात हसले.

गाडी वळताच शेठचा हुकूम आला. खुर्च्या मागं रचून ठेवा, उद्या दहाला टेम्पो येईल. बावीस जणी उठल्या. कल्पिता खुर्ची उचलत होती आणि उकळत होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, "टेम्पो दहाला ना? नक्की?"

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना विमलाबाई दुकानाच्या पायऱ्या चढल्या. मागं काका, हातात शाल आणि नारळ. त्यामागं चार पत्रकार. मधुशेठ गल्ल्यावरून धडपडत उठले.

"खाली बसा, सत्कार तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. "आमचं भांडण सरकारशी. चांगल्या मालकाशी कशाला भांडू? या माणसानं काल लेखी दिलंय, बावीस बायकांना बावीस खुर्च्या, कायमस्वरूपी. हा कागद लोकसभेच्या पटलावर जाणार आहे. म्हटलं, आधी आपण तरी पाठ थोपटावी. कुठायत त्या खुर्च्या?"

"मागं आहेत, बाई!" कल्पिता ओरडली. "झाडून घ्यायला नेल्यात!"

पायल आणि बाकीच्या जणी धावल्या. एका मिनिटात बावीस खुर्च्या काउंटरमागं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडाले. मधुशेठ हसत होते की रडत होते, ते फोटोतसुद्धा नीट कळत नाही. आणि नेमका त्याच वेळी मंडपवाल्याचा टेम्पोवाला बंटी दारातून ओरडला, "शेठ, खुर्च्या भरू का?"

सगळ्यांनी शेठकडं बघितलं.

"कुठल्या खुर्च्या?" मधुशेठ कडाडले. "त्या विकत घेतल्यात मी! जा, तुझ्या मालकाला सांग!"

टाळ्या! आधी पायलनं वाजवल्या, मग बाकीच्या एकवीस जणींनी, मग जिन्यातल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा, कशासाठी ते न कळता. बंटी बिचारा डोकं खाजवत रिकामा टेम्पो घेऊन गेला.

त्या खुर्च्यांनी पुढं काय केलं, तेही सांगून टाकतो. जिल्ह्याचा तपशील पटलावर आला तेव्हा दुकानामागून दुकानापुढं शून्य, आणि मधोमध एकच ओळ बावीसची. विमलाबाईंनी तीच ओळ धरली. कल्याणच्या एका दुकानाला जमतं, ते बाकीच्यांना का जमत नाही, असा नवा प्रश्न टाकला. याला तारा मिळाला होता, त्यामुळे या खेपेला मंत्र्यांना उठून उत्तर द्यावं लागलं. नंतर दुकानांना नोटिसा गेल्या. डोंबिवलीत, ठाण्यात काउंटरमागं स्टुलं दिसू लागली. मन अजूनही सगळ्या मालकांचं वळलेलं नाही, पण सुरुवात झाली हे खरं.

कल्पिताची गोष्ट मात्र त्या सत्काराच्या सकाळीच संपते. पत्रकार गेले, पण विमलाबाई जाईनात. "आलेच आहे तर साडी बघते. अधिवेशनाला नेसायला एक दाखव," त्या म्हणाल्या आणि बसल्या. कल्पिता चटकन उठली. पंधरा वर्षांची सवय ती.

"ए, बस खाली," बाई म्हणाल्या. "तू उठणार असशील तर मी एवढा खटाटोप कशाला केला?"

कल्पिता बसली. खुर्ची काउंटरजवळ ओढली, पाय सरळ केले. पहिली साडी मांडीवर घेतली, दुसरी घेतली, मग बाईंच्या चेहऱ्याकडं बघून तिनं ओळखलं, यातलं काही नको आहे. हवी होती ती जांभळी, हिरव्या काठाची, अगदी वरच्या फळीवर होती. मधुशेठ शाल पांघरून तिथंच उभे होते.

"शेठ," ती म्हणाली, "वरची ती जांभळी जरा काढून देता? मी बसलेय."

शेठनी काढून दिली.