टक् करून बसणारी गाडी

अगं ए, ये इकडे. जवळ ये जरा, पत्रातूनच कान धरायचाय तुझा. रविवारी तुझ्यासाठी अळूवड्या केल्या. अळूची पानं इथे मिळवताना काय यातायात होते ते तुला ठाऊक नाही. आणि अकरा वाजता तुझा फोन, "मावशी, गाडी स्टार्टच होत नाहीये यार, नेक्स्ट वीक येते." झालं! किल्ली फिरवल्यावर आवाज कसला आला, असं विचारलं तर म्हणतेस, "आवाज? पता नहीं, लक्ष नव्हतं." बाई गं, गाडी बोलत असते. ऐकायचं नसेल तर कान कशाला दिलेत देवाने? मलाही हे जन्मतः येत नव्हतं. एका दिवाळीच्या आधी तीन आठवडे डोक्याचं भुसकट झालं, तेव्हा आलं.

आम्ही इथे राजधानीतल्या द्वारकेत नुकते राहायला आलो होतो. सोसायटीत निम्मी घरं रिकामी, रस्त्यावर धूळ, बस कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसे. तुझ्या काकांच्या ऑफिसात मुंबईहून बदलून आलेल्या एका गृहस्थांची जुनी गाडी आम्ही घेतली. काकांना क्लच म्हटलं की घाम फुटायचा, त्यामुळे गाडी मीच शिकले. आणि शिकले ती एकाच कारणासाठी. माझी आई तेव्हा फरीदाबादला भावाकडे होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच. दर शनिवारी जाऊन मी तिचे केस धुवायची. दुसऱ्या कुणाला ती डोक्याला हात लावू देत नसे. वहिनीने एकदा प्रयत्न केला तर म्हणाली, "राहू दे, तुझ्या नखांनी माझी टाळू सोलवटेल." बसने जायचं तर तीन बदलायच्या. पोहोचेपर्यंत दुपार, आणि अंधाराच्या आत परत यायचं. केस कधी धुणार आणि कधी वाळवणार?

तर दसरा झाला आणि गाडीने हे नाटक सुरू केलं. किल्ली फिरवली की नुसतं टक्. डॅशबोर्डचे दिवे मंदावायचे आणि पुढे काही नाही. दहा वेळा टक्, अकराव्या वेळी अशी सुरू व्हायची की जणू काही झालंच नव्हतं.

तळमजल्यावरचे कर्नलसाहेब रिटायर्ड. त्यांना आमच्या गाडीने नवी नोकरीच लावून दिली. "भाभीजी, बैटरी गई समझो." बॅटरी बदलली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी टक्. मग गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "मैडम, सेल्फ बैठ गया है." म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. ती काढली, उघडली, आतले कार्बन बदलले, परत बसवली. शनिवारी फरीदाबादला निघायला साडी नेसून खाली आले, आणि टक्! मिस्त्रीला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिचारा म्हणाला, "मैडम, गाड़ी को नज़र लगी है." म्हटलं, तुझीच लागली असेल.

आणि काका? काकांनी आयुष्यभर सरकारी फायली हलवल्या, तशीच गाडी. "एक आठवडा ऑब्झर्व्ह करू." मी दोन शनिवार गेले नाही. भावाचा फोन आला, आई वेणी सोडू देत नाहीये, जटा झाल्यात, वहिनी म्हणते कापून टाकू. मी फोन ठेवला तर काका चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मी म्हणतो विकूनच टाकू. ऑफिसातल्या एकाचा मेव्हणा रविवारी अकराला बघायला येतोय. शब्द दिलाय."

"मला न विचारता?"

"तूच तर म्हणालीस, जाळून टाका ही गाडी."

"जाळा म्हणाले, विका नाही म्हणाले!"

रविवारी सकाळी आठला मी खाली गेले. काकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि बॉनेट उघडून विचार करत उभी राहिले. नवी बॅटरी. दुरुस्त सेल्फ. मग मधे उरलं काय? वायरी. आपल्या मिक्सरचा प्लग आत ढिला असला की गरम होतो, हे तुला माहीत असेल. नसेल तर तेही शीक. म्हटलं, वीज ती वीज. इथेही जिथे अडत असेल तिथे गरम व्हायला हवं.

"फिरवा."

टक्.

"धरून ठेवा, सोडू नका. आता सोडा. परत फिरवा."

"अगं, किती वेळा? लोक बघतायत."

"बघू देत. फिरवा!"

मग एकेक जोड बोटाने चाचपत गेले. बॅटरीचा लाल गार. सेल्फकडे जाणारी जाड वायर गार. बॅटरीच्या काळ्या बाजूची वायर जिथे गाडीच्या पत्र्याला बोल्टने धरलेली, तिथे हात ठेवला आणि चटकाच बसला!

कर्नलसाहेबांकडून जंपर केबल मागून आणली. एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. म्हणजे पत्र्याचा तो रस्ता सोडून दुसरा रस्ता दिला. "फिरवा." आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू. काका आत दचकले. कर्नलसाहेब म्हणाले, "मैंने तो पहले ही कहा था." काय कहा था, देव जाणे.

गाडी बंद करून पान्याने तो बोल्ट खोलला. वायरीच्या चकतीखाली, पत्र्यावर, चकचकीत चंदेरी रंग. एकसारखा, सफाईने दिलेला.

आता सांगते. मुंबईच्या खाऱ्या हवेने त्या गाडीच्या आत गंज धरला होता. खंडेनवमीला आपण गाडीची पूजा करतो. मी विचार केला, हळदकुंकू काय गंजावर वाहायचं? आदल्या दिवशी घासूनपुसून चंदेरी ऑइलपेंटचे दोन हात दिले. आणि अर्धवट काम मला आवडत नाही ना! तो बोल्ट खोलून, वायर बाजूला करून, तिच्याखालीसुद्धा रंग दिला आणि वाळल्यावर वायर वर घट्ट बसवली. रंगातून वीज जाते का? ज्याने आळशीपणाने वरवर ब्रश फिरवला असता, त्याची गाडी सुखात चालली असती.

"हा रंग कुणी दिला?" काका वाकून विचारतायत.

"मी."

"म्हणजे तीन आठवडे आपण त्या मिस्त्रीला शिव्या..."

"शिव्या मी घातल्या. तुम्ही नुसती मान हलवलीत."

सॅंडपेपरने पत्रा लखलखीत होईतो घासला, बोल्ट आवळला. तेवढ्यात अकराच्या ठोक्याला तो मेव्हणा हजर. त्याने किल्ली फिरवली, आणि ही महामाया त्याच्या हातून एका दमात सुरू झाली! "वाह जी, एक सेल्फ में! पक्का समझिए, हम ले रहे हैं." काका माझ्याकडे बघेनात. "शब्द दिलाय गं," एवढंच पुटपुटले. मला इतका संताप आला! तीन आठवडे सुरू होत नव्हती, आणि सुरू झाली ती विकली जायला?

तो उतरून टायर बघत होता. मी आत बसले, दार लावलं आणि काच खाली करून म्हटलं, "भाईसाहब, गाड़ी बिकाऊ नहीं है. ये आपको चाय पिलाएँगे." काका हातात सॅंडपेपर घेऊन उभे. थेट फरीदाबादला गाडी थांबवली.

आईने माझे हात बघितले आणि तोंड फिरवलं. "हे काय माखून आलीस? आधी हात धू, मग माझ्या डोक्याला हात लाव." जटा सोडवायला पाऊण तास लागला. ती कण्हतही होती आणि मला रागावतही होती, दोन शनिवार कुठे मेली होतीस म्हणून. एक केस कापला नाही. भावाने आणि मी उचलून उन्हात खुर्चीवर केस पसरून बसवली, तेव्हा कुठे गप्प झाली.

त्यानंतर चार वर्षं होती ती. मी पुष्कळ शनिवार गेले, पण ते दोन चुकले ते चुकलेच. म्हणून म्हणते, गाडीचं कारण मला सांगू नकोस. ती सुरू होत नसेल तर मेट्रोने ये. या शनिवारीच ये, आणि सकाळी ये, म्हणजे निवांत बसता येईल.