टीव्हीसमोर टांगलेला माइक

ताईच्या लग्नाची कॅसेट निघाली छोटी, बीटाची. आणि सौंसरला तिच्या सासरचं मशीन मोठी व्हीएचएस कॅसेट खाणारं. लग्नात तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, सुनेवर स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं. ते त्यांना ऐकायचं होतं, रोज विचारत. ताईनं मला बजावलं, "काहीही कर, पण बाबूजींचा आवाज साफ आला पाहिजे. माझी इज्जत तुझ्या हातात आहे." माझ्या हातात! ज्या हातांनी दुरुस्त केल्यापासून घरची इस्त्री पुन्हा तापलीच नाही.

दोन मशीनं मागून आणली, एकातून दुसऱ्यात कॉपी लावली. चित्र सुरेख. आवाजाची वायर मिळेना, म्हणून दारावरच्या घंटीची कापून जोडली. झालं, मंगलाष्टकामागे घूंऽऽ! पंखा बंद केला, तरी घूं. ट्यूबलाइट विझवली, तरी घूं. शेजारच्या चक्कीवाल्याला हात जोडले. त्याचं दळण थांबलं, माझं चालूच. वायरवर संशय घ्यावा हे सुचलंच नाही, कारण ती मी जोडली होती.

मग एकदम अक्कल आली. टेपरेकॉर्डरचा माइक मशीनच्या माइकच्या भोकात खुपसला आणि पायजम्याच्या नाडीनं टीव्हीसमोर टांगला. टीव्हीचा आवाज सरळ माइकात. घूं गायब!

पण पांढुर्ण्यात कुणाकडे व्हिडिओ लागला आणि गल्ली आली नाही, असं तेव्हा होत नसे. बायका चटया घेऊन हजर, आत्या सगळ्यांत पुढे. "कोणी बोलू नका," मी म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या. आणखी येणाऱ्यांना थोपवायला मी बाहेर ओसरीत बसलो. मशीनं परत करायची घाई, त्यामुळे कॉपी ऐकून पाहायची राहिली.

सौंसरला सगळं घर टीव्हीसमोर. बाबूजी नवी टोपी घालून पुढच्या खुर्चीत. पडद्यावर ते गाऊ लागले. काय स्वच्छ आवाज! ताईनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तेवढ्यात माझ्या आत्याचा आवाज आला, "थांबा ना बाप्पा आता! भात थंडा होऊन राहिला."

पडद्यावर आत्या अक्षता घेऊन, ओठ मिटून उभी.

"ह्या तर तोंडच उघडून नाही राहिल्या," सासूबाई पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या. "मग बोललं कोण?"

भाऊजी मशीनच्या मागे डोकावले. मीही डोकावलो, कारण मलाही कळेना. मग ती नाडी आठवली, आणि माइकसमोर चटईवर बसलेली आत्या. ताई जमिनीकडे पाहत होती.

"मागं घे," बाबूजी म्हणाले. घेतलं. पुन्हा मंगलाष्टक, पुन्हा भात.

"अजून एकदा."

पुन्हा भात.

बाबूजी उठले. टोपी काढून खुंटीला लावली. "सूनबाई, पानं वाढ," ते म्हणाले. "भात थंडा होऊन राहिला."

सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. ताईला हसू आवरेना. मी जेवताना चोरून बाबूजींच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. रागावले होते की मजा करून राहिले होते, मला आजवर उमगलेलं नाही. भात मात्र कढत होता.