पानवेलीतले अडीच सेंटिमीटर

नोव्हेंबर १९९९, सोमवारची सकाळ. माणिकपूरच्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आम्ही तिघे होतो: मी, होळी गावचे विड्याच्या पानांचे बागायतदार नरहरी राऊत आणि त्यांचा मुलगा सुधीर. टेबलावर सहाशे ऐंशी रुपयांची कुबड्यांची जोडी. घेऊन आठच दिवस झालेले.

"डॉक्टरीणबाई, ही घोडी परत घ्या," काका म्हणाले. "खांदे भरून आलेत. काल ओट्यावर सटकलो, सुधीरने धरलं म्हणून वाचलो."

"मॅडम, मांडीच्या हाडात रॉड आहे," सुधीर म्हणाला. "परत पडले तर परत ऑपरेशन. त्यापेक्षा बसू देत घरात. पानवेल मी कोणाला तरी कसायला देतो."

"मी मेल्यावर दे!"

जोडी मीच निवडली होती. चौपायी वॉकर वेलींच्या ओळींत मावत नव्हता. बगलेतल्या कुबड्यांवर काका अख्खं अंग टाकून लोंबकळायचे. त्याने काखेतली नस दबते. म्हणून हाताभोवती कडं बसणारे एल्बो क्रचेस. त्यांना मनगटात जोर लागतो. तो काकांकडे भरपूर होता.

मी पुन्हा मापं घेतली. हात सैल सोडले की कुबडीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. आली. मूठ धरल्यावर कोपर पंधरा ते तीस अंश वाकावं. वीस भरलं. कडं कोपराच्या तीन-चार सेंटिमीटर खाली हवं. होतं. काका दोन फेऱ्या झकास चालले. चूक सापडेना.

"घरी चालून दाखवा," मी म्हटलं आणि दुपारी रिक्षाने होळीला गेले.

अंगणातही काका ठीक चालले. पानवेलीच्या फाटकाशी मात्र थांबले आणि सुधीरकडून आपल्या पायातले बूट काढून घेतले.

"हे काय, काका?"

"पानवेलीत वहाणा घालून जातं का कोणी? माझ्या आज्याने मोठ्या साहेबालासुद्धा बाहेर काढायला लावल्या होत्या!"

क्लिनिकमध्ये मी बुटांवरच माप घेतलं होतं. सोल अडीच सेंटिमीटर. अनवाणी काका तेवढे बुटके, कुबड्या मात्र होत्या तेवढ्याच. खांदे कानांकडे चढत होते. शिवाय टोकांच्या रबराच्या खाचांत ओली माती भरायची आणि ओट्याच्या लादीवर तेच रबर घसरायचं.

राऊतांच्या घरूनच ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन केला. मऊ मातीत, दुखऱ्या पायावर अर्धंच वजन टाकून, सोबत कोणी असेल तर अनवाणी चालेल, म्हणाले. कुबडीची उंची बदलायची नळीवरची भोकं नेमकी अडीच-अडीच सेंटिमीटरवर होती. दोन्ही कुबड्या एकेक भोक खाली घेतल्या.

"भोकात खटका बसल्याचा टक आवाज आला नाही तर वजन टाकायचं नाही," मी बजावलं.

सुधीरच्या बायकोने नेलपॉलिशने खुणा केल्या: बुटांचं भोक लाल, अनवाणीचं गुलाबी.

"आता बांगड्या पण भर हिला," काका म्हणाले.

फाटकाशी बाक ठेवला. बसूनच बूट काढायचे, बसूनच भोक बदलायचं. परतताना रबरं धुऊन कोरडी करायची.

मग काका ओळीत शिरले. दोन्ही कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला पाय. मी मोजत होते. वीस पावलं, खांदे खाली. वेलीला टेकून काही नाही, धरून काही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"कोणाला देणार होतास रे पानवेल?"

"कोणाला नाही, बाबा. पण मी असल्याशिवाय आत पाऊल नाही."

तीन महिन्यांत काका एका काठीवर आले. पडले एकदाही नाहीत. माप घेण्याआधी माणूस चालतो कुठे आणि पायात काय घालून, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी काकांनी पुढे केलेली व्हिजिट फी घेतली नाही. माती अडकून न राहणाऱ्या, रुंद खाचांच्या नव्या रबरांचे तीस रुपये सर्जिकलच्या दुकानदाराला मीच दिले.