तोंडातली लवंग

“ऑनसेट कधीचा?” डॉक्टर मॅडमनी विचारलं. मी कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडलो होतो. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. “हा स्ट्रोक आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असावी. सुरुवात कधी झाली, नक्की सांगा.”

स्ट्रोक म्हणजे फटका, अटॅक म्हणजे हल्ला, एवढं मला ठाऊक होतं. ऑनसेट हा शब्द तेव्हाच ऐकला. आजार सुरू झाला ती वेळ म्हणजे ऑनसेट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून ठरावीक तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्रावाची भीती. ती वेळ मला माहीत होती आणि वाचा नेमकी माझीच बसलेली!

मला घेऊन आलेला मनोहर, गांधीबागेतल्या कापड दुकानातला माझा सोबती, सांगून मोकळा झाला, “सकाळपासूनच भाऊ जाडं बोलून राहिले होते. मले वाटलं, खर्रा असन तोंडात.”

त्याला तरी काय दोष द्यायचा? आमच्या नागपुरात अर्धा बाजार सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा गालात धरूनच बोलतो. कोणाची जीभ जड झाली तर आम्हाला डॉक्टर आठवत नाही, पिचकारी आठवते. मी दिवाळीपासून खर्रा सोडला होता, पण दुकानात कोणाचा विश्वास बसेल तर शपथ.

“सकाळपासून असेल तर इंजेक्शन देता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. मी आतल्या आत ओरडत होतो. बाहेर नुसती लाळ आली.

तेवढ्यात माझी बायको धापा टाकत पोचली. मनोहरनं तिलाही तेच सांगितलं, तशी ती उसळली.

“त्याहीनं खर्रा सोडला, डॉक्टरीणबाई. तोंडात लवंग राहते, म्हणून बोलणं जाडं वाटते. मीच पुडीत बांधून देते. जेवताना काढून ठेवतात. आज जेवता जेवता फोनवर माझ्याशी चांगले बोलले, कारलं कडू झालं म्हणून भांडले. अन् भांडता भांडता जीभ जड झाली. तवाच मी मनोहरभाऊले फोन केला, का ह्याहीले दवाखान्यात न्या.”

मॅडमनी तिच्या मोबाइलवर फोनची वेळ पाहिली. मनोहरला विचारलं, “सकाळी हात नीट चालत होता?”

“हो जी. गठ्ठे उचलले त्याहीनं.”

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. इंजेक्शन सुरू झालं.

आयसीयूत आधी बोटं हलली, मग हात. बोलणं मात्र रुसून बसलं. राउंडला आलेल्या मॅडम म्हणाल्या, “तुमच्या मिसेसनी वेळ सांगितली म्हणून जमलं.” मला तर वाटतं, माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, म्हणून जमलं. केवढी धीराची बाई!

तुमच्या घरी कोणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं, तर तोंडात काय आहे ते विचारत बसू नका. घड्याळ पाहा आणि दवाखाना गाठा.

एक दिवस मॅडमनी मला पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं. शब्द येईना. मग बायकोकडे बोट करून विचारलं, “या कोण?”

लग्नातल्या उखाण्यानंतर मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. सगळा संसार ‘अवं’वर चालला. मी जीभ रेटली. “वि...मल.”

ती लाजून लालेलाल झाली. “डॉक्टरीणबाईसमोर नाव काहून घेऊन राहिले?”

मग पदर डोळ्यांना लावून हळूच म्हणाली, “अजून एकदा घ्या.”