खोडीचा रकाना

"आधी खोड सांगा," असं म्हणून अण्णा पेन्सिल कानावर ठेवत आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसत. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते पावत्या लिहायचे. रंग, शिंगं, दात, भोवरा आणि शेवटी खोड. बैल मारका आहे की बुजरा, हे लिहिल्याखेरीज पावती त्यांच्या हातून सुटत नसे.

"अण्णा, देवमाणूस हाय ह्यो बैल. खोड कसली?"

"मग देवळात बांध. बाजारात कशाला आणलास?"

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. ओळख मुरल्यावर त्यांनी मला कापडी पुठ्ठ्याची एक वही दाखवली. तिच्यात भुतं होती. मिरजगावपासून बेलापूरपर्यंतच्या बाजारकरूंना विचारून गोळा केलेली, पानाला एक, आणि रकाने तेच पावतीचे. खवीस : रंग धुरकट, दात पुढे, खोड : तंबाखू दिली की वाट सोडतो. मुंजा : शेंडी आहे, खोड : गोष्ट अर्धी सोडली की रडतो.

बाजार नसलेल्या दुपारी उपड्या खोक्याभोवती आमचा त्या भुतांचा खेळ चाले. मी आणि गावचा पोस्टमन वाटसरू, अण्णा भुताच्या बाजूनं; डाव साधला की फसला, ते कवड्या ठरवत.

"मास्तर, म्होरं पिंपळ हाय. काय करताय?"

"पळतो."

"तुमच्या काडीएवढ्या पोटऱ्या बघा आधी. टाका कवड्या."

"मास्तरांना धडा शिकवू द्या," पोस्टमन म्हणायचा, "मुंजा बसल्या जागी झोपंल. आमची पोरं झोपत्यातच की."

अण्णा पोट धरून हसत. पण खोड ओळखून भुताला हरवलं, की सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच होई. तुम्ही कुणाला स्वतः हरल्यावर इतकं खूश झालेलं पाहिलंय?

एकदा वही चाळताना एक पान कोरं दिसलं. वर फक्त नाव : आसरा. पाण्यातल्या बायांचं.

"आज हिच्याशी खेळू," मी म्हणालो.

अण्णांनी वही मिटली. "हिची खोड मला ठावं न्हाई, मास्तर. खोड ठावं नसलेलं जनावर बाजारात आनू नये."

ते गेल्यावर पोस्टमननं सांगितलं. त्यांची बारा वर्षांची लेक भर उन्हाळ्यात पायऱ्यांच्या विहिरीवर पाण्याला गेली, ती परतली नाही. आसरांनी नेली, असं गाव म्हणालं. वही त्यानंतर सुरू झाली.

पुढं मोठा दुष्काळ पडला. विहीर तळाला गेली, गाळ काढायला माणसं उतरली. अण्णाही धोतर खोचून निघाले. मी काठावर उभा होतो. एकेका पायरीवर ते पाय दाबून बघत होते. एरवी पाण्याखाली असणाऱ्या, भर उन्हाळ्यातच उघड्या पडणाऱ्या, शेवाळ वाळून काळ्या पडलेल्या एका पायरीवर ते थांबले. उतरले. पुन्हा चढले. दगड कलल्याचा आवाज मला वरपर्यंत आला.

"मास्तर," ते खालून म्हणाले, "ही हलती."

मग तिच्याच शेजारी ते बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चुना आणि दगडाच्या चिपा घेऊन स्वतः उतरले, पायरी पक्की बसवली. गावच्या बायकांनी विहिरीवर आसरांची ओटी भरणं सोडलं नाही. अण्णांनी कधी कुणाला अडवलंही नाही.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. वही त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. ते पान आता कोरं नाही. 'आसरा'वर एक सरळ रेघ आहे, आणि खाली त्यांचं पावतीतलं नेटकं अक्षर :

पायरी, खालून सहावी. रंग काळा. शिंगं नाहीत. दात नाहीत. खोड : पाय पडला की डावीकडं कलते. खोड मोडली.